आपत्तीच्या सरावाचा संच: आठ महिने वापरल्यावर

कोपरखैरण्याजवळच्या एका नर्सिंग कॉलेजात मी शिकवते. ऑगस्टमध्ये आम्ही हा संच घेतला: एक प्रौढ मॅनिकिन (सरावासाठीचा माणसाचा पुतळा), चार रंगांचे ट्रायाज टॅग (कोणाला आधी उपचार द्यायचे ते दाखवायला जखमींना बांधायच्या पट्ट्या) आणि खोट्या जखमांचं सामान. आतापर्यंत अकरा सराव झाले.

मॅनिकिन चांगलं आहे. छाती ५ ते ६ सेंटीमीटर दबली की टक्‌ असा आवाज येतो, त्यामुळे मिनिटाला १०० ते १२० दाबांवर मुलींचा हात लवकर बसतो. फुप्फुसाच्या पिशव्या संपल्यावर मात्र नव्या यायला सात आठवडे लागले. घेण्याआधी विचारून ठेवा. कागदी टॅगवरची शाई पावसात पसरली, तेव्हा प्लॅस्टिकचेच मागा.

पैसे वसूल झाले ते या टॅगमुळेच. ४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याला इमारत कोसळून ७४ माणसं गेली. मुंब्रा-दिव्याहून येणाऱ्या आमच्या मुलींनी ते घरात ऐकलेलं आहे, म्हणून पहिला सराव इमारत कोसळल्याचाच ठेवला. पहिल्या वर्षाच्या वीस मुली जखमी होऊन व्हरांड्यात पडल्या. चालू शकेल तो हिरवा. श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास नाही, तो काळा. श्वास मिनिटाला ३० च्या वर, मनगटाची नाडी लागत नाही किंवा साधी सूचना पाळता येत नाही, तो लाल. उरलेले पिवळे. आधी लाल, मग पिवळे, मग हिरवे; काळ्यासाठी थांबायचं नाही. वर्गात हे सगळ्यांना तोंडपाठ होतं.

आणि तरी तिसऱ्या वर्षाची एक हुशार मुलगी श्वास नसलेल्या मॅनिकिनची छाती चार मिनिटं दाबत बसली. चार पावलांवर मांडीतून रक्त जाणारी ‘रुग्ण’ गप्प पडून होती. ओरडणाऱ्या दोघींभोवती मात्र गर्दी. नंतर ती तिसऱ्या वर्षाची मुलगी रडत म्हणाली, “मॅडम, हात काढला असता तर मीच मारलं असं वाटलं असतं.” आम्ही त्यावर पाऊण तास बोललो. संचासोबतच्या पुस्तिकेत या चर्चेबद्दल अर्धं पानही नाही, आणि मला हीच त्याची सर्वांत मोठी उणीव वाटते. नुसता सराव करून मुलींना घरी पाठवू नका.

मार्चच्या सरावात तिच्याच वाट्याला पुन्हा मॅनिकिन आलं. तिने हनुवटी उचलून पाहिली, काळा टॅग बांधला, कपाळावर क्षणभर हात ठेवला आणि शेजारच्या मुलीची मांडी बांधायला गेली. टूर्निकेटवर, म्हणजे रक्त थांबवायला आवळलेल्या पट्ट्यावर, वेळही लिहिली.