इंग्रजी म्हण रशियनमध्ये: शब्दशः की तिथलीच?

रशियन शिकणाऱ्या भाचीचा प्रश्न: भाषांतरात इंग्रजी म्हण आली, तर शब्द उतरवायचे की तयार रशियन म्हण ठेवायची?

तीन निकष लावू: मेहनत, अर्थ आणि गावाचा रंग. मेहनत बघितली, तर कधी कधी फरकच नाही. 'लोखंड तापलंय तोवर घण घाल' आणि 'कधीच नाही त्यापेक्षा उशिरा बरं' दोन्हीकडे जवळजवळ सारख्याच आहेत.

अर्थामध्ये मात्र गोम आहे. इंग्रज सांगतो, अंडी फुटण्याआधी पिल्लं मोजू नका. रशियन म्हणतो, पिल्लं शरदात मोजतात. म्हणजे अंडी फुटूनही भागत नाही, उन्हाळाभर किती जगली ते बघायचं! मला रशियन जास्त व्यवहारी वाटते. 'रोममध्ये रोमनांसारखे वागा' हा प्रवाशाला सल्ला, आपल्या 'देश तसा वेश'सारखा. रशियन जोडीदार म्हणतो, परक्या मठात आपले नियम घेऊन जाऊ नये. ही सरळ कानउघाडणी.

तिसरा निकष, गावाचा रंग. न्यूकॅसल या कोळशाच्याच इंग्रजी गावी कोळसा नेणं म्हणजे रशियनमध्ये 'तुला' नावाच्या शहरी स्वतःचा समोवार (चहासाठी पाणी तापवायचं भांडं) नेणं. हे शहर समोवारांसाठी प्रसिद्ध. 'रोम एका दिवसात बांधलं गेलं नाही' या इंग्रजी म्हणीत रोमच्या जागी मॉस्को येतं: 'मॉस्को एका झटक्यात बांधलं गेलं नाही.' पण लंडनच्या कादंबरीतलं पात्र मॉस्कोची म्हण बोललं, की वाचकाला खटकतं.

म्हणून बोलण्यात, बातमीत, पत्रात तिथलीच म्हण वापर. पात्राचा देश दिसायला हवा असेल, किंवा पुढे त्याच शब्दांवर कोटी असेल, तर शब्दशः.