सोडियम सायट्रेटवर केलेला केसो: नऊ महिन्यांचा अनुभव

आमच्या मसाल्यांच्या कपाटात वरच्या फळीवर एक पांढरी पिशवी आहे. आतला जिन्नस बारीक साखरेसारखा दिसतो, म्हणून मी तिच्यावर मोठ्या अक्षरांत ‘केसोचं मीठ’ असं लिहून ठेवलं आहे. हे सोडियम सायट्रेट, चीज वितळताना फाटू न देणारं मीठ. गेल्या जूनमध्ये ४५४ ग्रॅमची पिशवी मागवली आणि तेव्हापासून महिन्यातून दोनदा तरी ती खाली उतरते. नऊ महिन्यांत अठरा-वीस वेळा केसो झाला असेल. एका वेळेला ८ ग्रॅम लागतं, त्यामुळे पिशवी अजून अर्ध्याहून जास्त भरलेली आहे.

आम्ही ऑस्टिनला राहतो. स्पॅनिशमध्ये केसो म्हणजे नुसतं चीज, पण टेक्ससमध्ये कुणी केसो म्हटलं की वाडग्यातलं गरम, वाहतं, मिरच्या घातलेलं चीजच डोळ्यांसमोर येतं. पूर्ण नाव चिले कॉन केसो. सीमेपलीकडे, उत्तर मेक्सिकोत चिवावाकडे याच नावाच्या पदार्थात हिरव्या मिरचीच्या पट्ट्या मुख्य असतात आणि चीज त्यांना धरून ठेवण्यापुरतं. टेक्ससने चीज वाढवलं आणि त्याचं बुडवून खायचं तोंडीलावणं केलं. इथल्या मॅट्स एल रांचो या १९५२ पासूनच्या हॉटेलात बॉब आर्मस्ट्राँग नावाचं डिप मिळतं. बॉब आर्मस्ट्राँग हे टेक्ससचे लँड कमिशनर, म्हणजे राज्याच्या जमिनींचे अधिकारी होते, त्यांनी काहीतरी वेगळं मागितलं म्हणून केसोखाली खिमा, ग्वाकामोले (कुस्करलेला अ‍ॅव्होकाडो) आणि सावर क्रीम घालून ते तयार झालं. मी ते खिम्याशिवाय मागवते. पहिल्यांदा खाल्लं तेव्हाच हे घरी जमलं पाहिजे असं मनात बसलं.

घरी करायची इथली रूढ रीत दोन जिनसांची आहे: व्हेलव्हीटा या प्रोसेस्ड चीजची वडी आणि रो-टेलचा टोमॅटो-मिरचीचा डबा. व्हेलव्हीटा १९१८ मध्ये न्यूयॉर्क राज्यात एमिल फ्राय यांनी शोधलं, रो-टेल १९४३ मध्ये टेक्ससच्या एल्सा गावात सुरू झालं. या जोडीवर इथल्या पिढ्या वाढल्या आहेत आणि शेजारच्या घरी मी तो केसो आवडीने खाते. पण मला त्यात चीजची चव हवी होती. जॅक चीजचा दुधाळपणा, चेडरचा किंचित आंबूस तिखटपणा. तो त्या वडीतून येत नाही.

म्हणून सुरुवातीला सरळ चेडर किसून गरम दुधात घातलं, आणि ते फाटलं. वर तुपासारखा पिवळा तवंग, खाली रबरासारखा गोळा, मध्ये पाणी. आच मंद केली, पुन्हा तेच. कॉर्नफ्लोअर लावून पाहिलं तेव्हा फाटलं नाही, पण पिठल्यासारखं दाट झालं आणि जिभेवर पिठाची चव राहिली. आटवलेलं डब्यातलं दूध आणि कॉर्नफ्लोअर ही जोडी त्यातल्या त्यात बरी आहे. ज्यांना सायट्रेट मागवायचं नाही त्यांनी ती जरूर वापरावी. फक्त तो केसो गार झाला की खिरीसारखा घट्ट होतो आणि दुसऱ्या दिवशी नीट गरम होत नाही.

फाटण्याचं कारण कळल्यावर माझा स्वयंपाकच बदलला. चीजमधलं केसिन हे प्रथिन कॅल्शियमच्या टाक्यांनी एकमेकांना शिवलेलं असतं आणि त्या जाळीत चरबीचे थेंब अडकलेले असतात. तापवलं की चरबी आधी पातळ होते. मग जाळी आवळत जाते, आकसते, आणि चरबी व पाणी दोन्ही बाहेर पिळून टाकते. सायट्रेट ते कॅल्शियम आपल्याकडे ओढून घेतं आणि त्याच्या जागी सोडियम देतं. टाके उसवले की केसिन पाण्यात मोकळं पसरतं आणि चरबीच्या थेंबांभोवती बसून त्यांना एकत्र येऊ देत नाही. १९११ मध्ये स्वित्झर्लंडच्या थून गावात वॉल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ स्टेटलर यांनी एमेंटाल चीजवर हाच प्रयोग केला, तिथून प्रोसेस्ड चीज सुरू झालं. या मिठाच्या रासायनिक सूत्रातली अक्षरं ओळीने वाचली तर एनए-सी-एच-ओ, म्हणजे ‘नाचो’ येतं. माझ्या मुलीला रसायनशास्त्रातलं पहिलं सूत्र हेच पाठ झालं.

माझं आताचं प्रमाण असं: दूध १८० मिली, सायट्रेट ८ ग्रॅम, मॉन्टेरे जॅक चीज १५० ग्रॅम, फार न मुरलेलं चेडर १०० ग्रॅम. चार-पाच माणसांना पोटभर, आठ जणांना तोंडी लावायला. दुधात सायट्रेट आधी पूर्ण विरघळवायचं, दुधाच्या कडेला बुडबुडे दिसले की आच मंद करायची आणि चीज मुठीमुठीने घालायचं. एक मूठ विरघळल्याशिवाय दुसरी नाही. पहिल्या दोन मुठींना पातळ पाणी वाटतं, तिसरीनंतर चकाकी येते. शेवटी हँड ब्लेंडर अर्धा मिनिट फिरवते, मगच मिरच्या घालते. गरम असताना केसो पातळच दिसायला हवा. थंड बशीत एक थेंब टाकून मिनिटभराने बोटाने ओढून पाहा, खरी दाटी तिथे कळते. मी पहिल्या महिन्यात पातेल्यात बघून चीज वाढवत गेले आणि टेबलावर येईतो त्याचा लगदा झाला.

वजनकाटा हवाच. चमच्याच्या अंदाजाने घातलेलं एकदा १२-१३ ग्रॅम झालं असावं, कारण चवीला खारट-आंबट आणि साबणासारखं काहीतरी मागे राहिलं. पाचाच्या खाली गेलं तर कडेने तेल सुटायला लागतं. वेगळं मीठ मी कधीच घालत नाही.

किसलेल्या चीजच्या तयार पिशव्या टाळा. धागे चिकटू नयेत म्हणून त्यांना सेल्युलोज किंवा बटाट्याचं स्टार्च लावलेलं असतं. एका दुकानाची पिशवी मी दोनदा वापरली आणि दोन्ही वेळा केसो जिभेला खरखरीत लागला. वडी आणून किसणं हे पाच मिनिटांचं काम आहे. शाकाहारी असाल तर वेष्टनावर रेनेट, म्हणजे चीजसाठी दूध साकळवणारा जिन्नस, कुठलं आहे ते बघा. प्राणिज रेनेट नको असेल तर मायक्रोबियल किंवा व्हेजिटेबल लिहिलेलं घ्या.

आता मिरच्यांबद्दल, कारण केसोचा जीव त्यात आहे. पोब्लानो, म्हणजे मोठ्या, कमी तिखट मेक्सिकन मिरच्या, मी गॅसच्या ज्योतीवर भरताच्या वांग्यासारख्या भाजते. साल पूर्ण काळी, मग दहा मिनिटं झाकण, मग हाताने सोलायच्या. नळाखाली धरायच्या नाहीत, धुरकट वास पाण्याबरोबर जातो. दोन पोब्लानो, एक कच्ची सेरानो मिरची, लोण्यावर परतलेला अर्धा कांदा, लसणाची एक पाकळी आणि चिमूटभर जिरेपूड. जिरं हे टेक्स-मेक्स, म्हणजे टेक्सस-मेक्सिकोच्या मिश्र स्वयंपाकाचं ओळखपत्रच आहे, आपल्या नाकाला ते लगेच घरचं वाटतं, आणि तिथेच हात सैल सुटतो. जास्त झालं की केसोचा आमटीकडे कल जातो. टोमॅटो घालायचा तर बिया आणि पाणी काढून, शेवटी.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये न्यू मेक्सिकोतल्या हॅच खोऱ्याच्या मिरच्या येतात. दुकानांबाहेर लोखंडी जाळीचे पिंप गॅसच्या ज्वाळांवर फिरत असतात आणि सगळ्या पार्किंगमध्ये तो वास भरतो. मी यंदा भाजलेल्या दहा पौंड आणल्या, सोलून छोट्या पिशव्यांत फ्रीझरमध्ये ठेवल्या. हॅचचा केसो मला पोब्लानोच्या केसोपेक्षा निर्विवाद जास्त आवडतो. तिखटपणा हळू चढतो आणि मागे गोडसर चव राहते.

सायट्रेटची खरी परीक्षा फेब्रुवारीत झाली. सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या दिवशी सोळा माणसं घरी होती. दुप्पट केसो करून छोट्या स्लो कुकरमध्ये ‘वॉर्म’वर ठेवला. चार तास. मधूनमधून साय धरत होती, ती ढवळली की मिसळून जायची. तेल सुटलं नाही, गुठळी नाही. दाटला तेव्हा दोन चमचे गरम दूध घातलं, इतकंच. उरलेला फ्रिजमध्ये चार दिवस ठेवला, तिथे तो वडीसारखा घट्ट झाला, आणि मंद आचेवर चमचाभर दुधाबरोबर पुन्हा पहिल्यासारखा आला.

पण केसो फुंदिदोला हे मीठ लावू नका. तो वेगळा पदार्थ आहे. मातीच्या पसरट भांड्यात वाहाका, आसादेरो किंवा चिवावा चीज वितळवतात, वर चोरिसो (मसालेदार सॉसेज, गोव्याच्या चोरीसचा स्पॅनिश भाऊबंद) किंवा राहास म्हणजे भाजलेल्या पोब्लानोच्या पट्ट्या, आणि गव्हाच्या टॉर्टियात, म्हणजे मेक्सिकन पोळीत घेऊन खातात. चिवावा चीजला मेनोनिता असंही म्हणतात, कारण १९२२ पासून कॅनडातून तिथे येऊन वसलेल्या मेनोनाइट शेतकऱ्यांनी ते बनवायला सुरुवात केली. फुंदिदोची सगळी मजा तारेत आहे, आणि कॅल्शियमचे टाके उसवले की तार जाते. मी एकदा मोहाने चिमूटभर घातलं आणि गुळगुळीत सॉस हाती आला. फुंदिदो कोरडाच, जाड बुडाच्या भांड्यात वितळवायचा आणि दहा मिनिटांत संपवायचा.

एक गोष्ट मी प्रत्येक पाहुण्याला आधी सांगते. ८ ग्रॅम सायट्रेटमध्ये जवळपास १.९ ग्रॅम सोडियम असतं, म्हणजे साध्या मिठाच्या हिशेबात पावणेपाच ग्रॅम, आणि चीजचं मीठ वेगळं. सासऱ्यांना रक्तदाब आहे. ते आले की त्यांच्यासाठी पोब्लानो-कांदा आधी बाजूला काढते आणि केसो दोनच चमचे वाढते.

पुण्याला डिसेंबरात बहिणीने विचारलं, की हे मिळालं नाही तर काय करायचं? सायट्रेट घरी करता येतं. ६ ग्रॅम लिंबूसत्त्व आणि ८ ग्रॅम खाण्याचा सोडा थोड्या पाण्यात घाला, ढोकळ्याच्या पिठासारखं फसफसेल. फेस पूर्ण थांबेपर्यंत गरम करा, मग त्याच पाण्यात दूध आणि चीज. तेवढं पाणी दुधातून कमी करायचं. आम्ही तिच्या स्वयंपाकघरात करून पाहिलं, उत्तम झालं. आणि अमूलचं प्रोसेस्ड चीज घेतलं तर हा खटाटोपही नको, त्यात सायट्रेट आधीच असतं. वेष्टनावरच्या घटकांत ते लिहिलेलं सापडेल.

पिशवी संपली की मी हीच पुन्हा मागवणार आहे, फक्त झिप नीट बंद होत नाही म्हणून यंदा काचेच्या बरणीत काढून ठेवीन, दमट हवेत खडे धरले होते. फ्रीझरमध्ये हॅचची एकच पिशवी उरली आहे. ती या शनिवारी निघेल, मग ऑगस्टपर्यंत पोब्लानो.