ओपनफोमवर जेट कूलिंग: सात महिने वापरल्यानंतर

गरम सपाट प्लेटवर सरळ आदळणारा हवेचा झोत. हा एकच प्रश्न घेऊन गेले सात महिने मी ओपनफोमवर, म्हणजे हवा-पाण्याचे प्रवाह संगणकावर सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, बसलेय. २० मिमीची नळी, प्लेट नळीच्या दोन व्यासांइतकी दूर, वेग साधारण १७ मीटर प्रति सेकंद, म्हणजे रेनॉल्ड्स नंबर (प्रवाह शांत की खळबळता ते सांगणारा आकडा) २३,०००च्या आसपास. बॉन आणि शिमिझू यांनी १९८९ मध्ये जवळपास याच नंबरवर प्रयोग करून आकडे दिलेत, म्हणून आपलं उत्तर ताडून बघता येतं.

सुरुवात के-एप्सिलॉन या टर्ब्युलन्सच्या (प्रवाहातल्या खळबळीच्या) मॉडेलने आणि वॉल फंक्शनने केली; वॉल फंक्शन म्हणजे भिंतीलगतचा थर न सोडवता सूत्राने धरणं. रेसिड्युअल (समीकरणांत उरलेली चूक) छान उतरले, निकाल दाखवणाऱ्या पॅराव्ह्यूमधली चित्रंही देखणी आली. मग नुसेल्ट नंबरचा (प्लेटमधून उष्णता किती जोरात निघते त्याचा) आलेख प्रयोगाच्या आलेखावर ठेवला आणि पोटात गोळा आला. मधोमध आकडा भलताच चढलेला, आणि तिथून बाहेर नुसती उतरंड. प्रयोगात केंद्रापासून साधारण दोन व्यासांवर दुसरा उंचवटा आहे, माझ्याकडे त्याचा मागमूस नाही.

चूक सॉफ्टवेअरची नव्हती. झोत प्लेटवर आदळून थबकतो तिथे के-एप्सिलॉन प्रत्यक्षात नसलेला टर्ब्युलन्स तयार करतं. प्लेट इतकी जवळ असताना झोताचा गाभा खरं तर अजून शांतच असतो. तिथून हवा बाजूला वेग घेत पसरते, तोवर भिंतीलगतचा थर पातळ राहतो. पुढे तो वेग घेणं थांबतं, झोताच्या कडेची खळबळ भिंतीपर्यंत पोचते आणि उष्णता पुन्हा जोरात निघते. दुसरा उंचवटा तो हाच. मॉडेल निवडताना मी आता सगळ्यात आधी तोच बघते.

मग के-ओमेगा एसएसटी हे दुसरं मॉडेल घेतलं. मेंटरचं हे मॉडेल १९९४ चं, अजूनही भक्कम. वॉल फंक्शन काढून टाकलं, भिंतीजवळचा पहिला सेल (जाळीचा चौकोन) ०.०२ मिमी केला, वाय-प्लस (त्या सेलचं भिंतीपासूनचं अंतर प्रवाहाच्या मापात) १ च्या खाली आणला. पूर्ण गोल भाग न घेता ५ अंशांची फाक घेतली, त्यामुळे सगळं साध्या लॅपटॉपवर चाललं. उंचवटा दिसला! प्रयोगापेक्षा दबलेला, पण आहे. व्ही२एफ या तिसऱ्या मॉडेलने तो आणखी नीट दिला, मात्र रन स्थिर ठेवताना रिलॅक्सेशन (दर फेरीला उत्तर किती बदलू द्यायचं ते) बरंच खाली आणावं लागलं.

एक गोष्ट आवर्जून सांगते. नळीच्या तोंडाशी सगळीकडे सारखा वेग देऊ नका. प्रयोगातली नळी लांब होती, प्रवाह त्यात पूर्ण तयार होऊन बाहेर पडत होता. मी नळीचा वेगळा रन करून तिथला वेग आणि टर्ब्युलन्स इनलेटला दिला, तेव्हा कुठे मधला आकडा ताळ्यावर आला. यात माझे तीन आठवडे गेले.

बटणं दाबून काम करायची सवय असेल तर पहिला महिना जड जाईल, सगळं टेक्स्ट फाइलमध्येच लिहावं लागतं. पण लायसन्सचा एक रुपया लागत नाही, आणि कुठलं समीकरण सुटतंय ते कोड उघडून वाचता येतं. के-एप्सिलॉनचं कोडं मला तिथेच उलगडलं. आता प्लेट सहा व्यासांवर नेऊन तोच रन लावलाय.