ट्रेडमिल की बॅडमिंटन?

कागदावर ट्रेडमिलची बाजू भक्कम. जोडीदार नको, वेग ठरवा, चालू करा. पण चौथ्या मिनिटाला नजर घड्याळाकडे जाते, मग पुन्हा जाते, तर जेमतेम पाचवं मिनिट! बॅडमिंटनमध्ये उलटं. टी-शर्ट पाठीला चिकटलेला, शूज करकरतायत आणि ‘अजून एक गेम’ नेमकं कोण म्हणालं तेच कळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवला. हा हिशेब दोन्हीकडे जमतो. सहा महिन्यांनीही कुठे जमेल, ते महत्त्वाचं. माझं मत बॅडमिंटनला. सलग धाप लागून बोलणंही जमेनासं झालं की बहुतेकांची मजा आटते, आणि तीच आठवण दुसऱ्या दिवशी शूज घालताना आडवी येते. खेळातही धाप लागते, पण दोन रॅलींच्या मधे दम खायला मिळतो. ट्रेडमिलवाल्यांनी म्हणूनच वेग जरा उतरवून पाहावा. कानात आवडीचं काही लावलं तर उत्तमच.

बॅडमिंटनची खोड एकच: जोडीदाराने टांग दिली की खेळ बुडाला. त्या दिवशी ट्रेडमिल, नाइलाजाने का होईना.