कर्करोगाची तपासणी: शिबिर, गावचे केंद्र की मिरजेतले पॅकेज?

जत, आटपाडी, तासगावकडच्या तिशी ओलांडलेल्या बाईला कसलाही त्रास नसताना कर्करोगाची तपासणी करून घ्यायची असेल, तर आज तिच्यापुढे तीन वाटा आहेत. पूर्वी अधूनमधून भरणारे शिबिर एवढीच सोय होती. 2018 पासून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रे होऊ लागली आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुख या तीन कर्करोगांची मोफत तपासणी गावाजवळ आली. तिसरी वाट सांगली-मिरजेतील खासगी पॅकेजची.

शिबिरात एका दिवसात पुष्कळ बायका तपासून होतात, पण मंडप उतरल्यावर पुढचे कोण बघणार, हे बहुधा ठरलेले नसते. माझ्या मामी वर्षानुवर्षे मशेरी लावत. त्यांच्या गालातला पांढरा चट्टा अशाच एका शिबिरात दिसला, बायॉप्सीची (तुकडा काढून तपासण्याची) चिठ्ठी मिळाली आणि ती देव्हाऱ्याखालच्या डब्यात आठ महिने पडून राहिली. केंद्राची वाट मला उजवी वाटते ती यासाठी, की घरी येऊन फॉर्म भरणाऱ्या आशाताई गावातल्याच असतात आणि चिठ्ठीचे काय झाले ते पुन्हा येऊन विचारू शकतात.

तिथली गर्भाशयमुखाची तपासणी साधी आहे. सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून मिनिटभर थांबतात, संशयास्पद भाग पांढरा दिसतो आणि निकाल लगेच कळतो, म्हणजे दुसऱ्या दिवसाचा रोजगार बुडत नाही. टाटा मेमोरियलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत केलेल्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्यसेविकांच्या याच तपासणीमुळे 12 वर्षांत या कर्करोगाचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. मात्र उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातील, 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ॲसिडच्या तपासणीने तशी ठळक घट दिसली नाही. एकदाच केलेल्या एचपीव्ही (हा कर्करोग घडवणारा विषाणू) चाचणीने मात्र मृत्यू जवळपास निम्मे झाले. त्यामुळे पॅकेजमध्ये एचपीव्ही चाचणी असेल आणि खर्च झेपत असेल, तर त्या एका बाबतीत खासगी वाट सरस आहे. ट्यूमर मार्करच्या, म्हणजे कर्करोगात वाढणारे घटक रक्तात मोजणाऱ्या, चाचण्यांसाठी मात्र पैसे घालवू नयेत. त्रास नसलेल्या बाईत कर्करोग शोधण्यासाठी त्या भरवशाच्या नाहीत.

ॲसिडची तपासणी प्रत्येक उपकेंद्रात होतेच असे नाही, म्हणून जाण्याआधी आशाताईंना वार विचारून घ्यावा. पाळी गेल्यावर पुन्हा रक्तस्राव, स्तनात गाठ किंवा तोंडात न भरणारी जखम असेल, तर या तिन्ही वाटा सोडून थेट मिरजेचे शासकीय रुग्णालय किंवा महात्मा फुले योजनेच्या यादीतले रुग्णालय गाठावे आणि निघताना रेशनकार्ड व आधारकार्ड सोबत घ्यावे.