चंदीगडची म्हणून घेतलेली खुर्ची

मागच्या वर्षी मे महिन्यात नाशिकमध्ये, गंगापूर रोडच्या बाजूला जुनं फर्निचर विकणाऱ्या एका दुकानातून मी दोन खुर्च्या घेतल्या. ९०,००० रुपये मोजले. 'ओरिजिनल चंदीगड चेअर', म्हणजे चंदीगडच्या सरकारी कचेऱ्यांसाठी बनलेल्या मूळ खुर्च्या, म्हणून घेतल्या, आणि त्या तशा नाहीत. नाशिकमध्ये आणखी कुणी या व्यवहारात अडकू नये म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

या खुर्चीवर माझा जीव जुना आहे. १९९४ साली बँकेच्या प्रशिक्षणासाठी चंदीगडला गेलो होतो. तिथल्या एका सरकारी कचेरीत पहिल्यांदा तिच्यावर बसलो. सागवानी सांगाडा, वेताची बैठक, आणि बाजूचे पाय कर्कटक उघडून ठेवावं तसे. तासभर बसूनही पाठ अवघडली नाही. त्याच इमारतीच्या गच्चीवर तशाच मोडक्या खुर्च्यांचा ढीग पावसात पडलेला पाहिला, तो अजून आठवतो.

वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांनी चंदीगडचा आराखडा केला, पण १९६५ पर्यंत तिथे राहून काम पाहिलं ते त्यांचे चुलतभाऊ पिएर जानरे यांनी. नव्या शहराच्या कचेऱ्या, महाविद्यालयं, न्यायालयं यांना हजारो खुर्च्या हव्या होत्या. जानरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या सुतारांना जमेल आणि तिथल्या हवेला मानवेल असं काम आखलं. सागाला वाळवी सहजी लागत नाही. वेतातून वारा खेळतो, त्यामुळे उन्हाळ्यात पाठ घामेजत नाही. तिरपे पाय एकमेकांना आधार देतात, म्हणून खुर्ची डुगडुगत नाही. नक्षी कुठेच नाही. जे दिसतं ते सगळं काहीतरी काम करतं. इराणी हॉटेलांतल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या ज्या घराण्यातल्या, ती थोनेट या फर्निचर कंपनीची १८५९ची चौदा नंबरची खुर्चीही अशीच: सहा लाकडी भाग, दहा स्क्रू, दोन नट. माझ्या मते अभिजात वस्तू ती हीच. तिच्यातून काही काढता येत नाही आणि घालावंसंही वाटत नाही.

पुढे चंदीगडच्या या खुर्च्या भंगारात निघाल्या, परदेशी व्यापाऱ्यांनी त्या उचलल्या, आणि पॅरिस-लंडनच्या लिलावांत त्यांना लाखांचे भाव आले. फसवणुकीला जागा मिळाली ती इथे.

दुकानदाराने खुर्ची उलटी करून मागच्या पट्टीवर पांढऱ्या रंगात लिहिलेली अक्षरं आणि आकडा दाखवला. सरकारी सामानावर खात्याचं नाव आणि नंबर रंगवलेला असतो हे मला माहीत होतं, त्यामुळे मी तिथेच विरघळलो. माल २०१८च्या सरकारी लिलावातला, असं तो म्हणाला. दोन्ही खुर्च्यांच्या हातांच्या जाडीत थोडा फरक दिसला, तेव्हा म्हणाला, "सर, हे हाताचं काम आहे, फरक असणारच." हे खरंच आहे. वेगवेगळ्या कारखान्यांत बनल्यामुळे मूळ खुर्च्या तंतोतंत सारख्या नाहीतच. खऱ्या माहितीच्या आडोशाने खोटं विकणं यालाच म्हणतात. मुंबईचं गिऱ्हाईक संध्याकाळी येणार आहे म्हणून त्याने २०,००० इसार तिथेच घेतला. उरलेले पैसे खुर्च्या घरी यायच्या आधी.

पावसाळ्यात एकीचा सांधा उघडला आणि वेत सैल पडला. वेत विणणाऱ्या काकांना घरी बोलावलं. त्यांनी जुना वेत कापून काढला आणि आतली कड माझ्यासमोर धरली. "साहेब, हे सागवान नाही. रंग लावून वर पॉलिश मारलंय." वेताखाली झाकलेलं लाकूड फिकट आणि कोरं होतं. मग त्यांनी झीज दाखवली. खरी वापरलेली खुर्ची तळवा टेकतो तिथे, हाताच्या टोकाला गुळगुळीत होते. माझ्या खुर्चीवर झीज सगळीकडे सारखी होती, पॉलिश पेपरने घासलेली. जिथे कुणाचा हात कधी जाणार नाही तिथेसुद्धा. आणि आकडा? तो त्या घासलेल्या जागेवर नंतर रंगवलेला. खाली ओरखडे, वर अखंड रंग.

दुसरी चूक माझी स्वतःची, आणि ती मला जास्त लागते. २०११ साली केंद्रीय गृह मंत्रालयाने चंदीगडच्या या वारसा फर्निचरच्या विक्रीला मनाई केली. मग २०१८चा सरकारी लिलाव कुठून आला? गोष्ट खोटी, नाहीतर माल चोरीचा. दोन्हीपैकी काहीही असलं तरी मी पैसे द्यायला नको होते. घरी येऊन दहा मिनिटं शोधलं असतं तरी हे कळलं असतं.

नक्कल करून विकणं वाईट नाही. 'जानरे पद्धतीची' असं सांगून चांगल्या सागात बनवणारे कारागीर आहेत आणि त्यांच्या खुर्चीवर सुखाने बसता येतं. माझ्या खुर्चीवर तेही जमत नाही. खुर्चीची पाठ ताठ उभी केली आहे, अर्ध्या तासात कंबर दुखते. दुकानात मी तिच्यावर दोन मिनिटंही बसलो नाही. आकडाच पाहत राहिलो.

परत गेलो तर दुकानदाराने बिल काढायला सांगितलं. बिलावर लिहिलंय, 'लाकडी खुर्ची, २ नग'. सागवान नाही, चंदीगड नाही, मूळ नाही. तोंडी बोललेलं काहीच कागदावर नाही. सुदैवाने 'ओरिजिनल पीस' म्हणून खुर्चीचा फोटो त्याने मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता, तो मी पुसला नव्हता. त्याच्या आधारावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. सुनावणी अजून व्हायची आहे.

गेल्या आठवड्यात त्याच दुकानाच्या काचेमागे तशाच दोन खुर्च्या दिसल्या. मागच्या पट्टीवरचा आकडा माझ्या खुर्चीवर आहे तोच. फोटो काढून तक्रारीला जोडला आहे. कुणी तिथून अशा खुर्च्या घेतल्या असतील तर वेत काढायच्या आधी आकड्याचा जवळून फोटो घ्या, बिल आणि संदेश जपून ठेवा, आणि मला कळवा.