त्वचाविकार असलेल्या मुलांचा समुपदेशन वर्ग : एका पालकाचा अभिप्राय

रत्नागिरीतील एका त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात महिन्यातून एकदा, शनिवारी दुपारी, कोड, सोरायसिस आणि इसब असलेल्या मुलांसाठी समुपदेशनाचा वर्ग भरतो. आमच्या धाकटीला बोटांवर व ओठांभोवती कोड आहे. तिच्यासाठी हा वर्ग मलमाइतकाच उपयोगी ठरला, असे माझे मत आहे.

पहिल्याच दिवशी समुपदेशक बाईंनी आम्हां पालकांना बाहेर बसवले आणि प्रश्न थेट मुलीलाच विचारले. त्यासाठी त्या १९९५ साली ब्रिटनमध्ये तयार झालेली, ४ ते १६ वर्षांच्या मुलांसाठीची १० प्रश्नांची प्रश्नावली वापरतात. गेल्या आठवड्यात खाज किती सुटली, झोप मोडली का, पोहणे टाळले का, कोणी चिडवले का, असे साधे प्रश्न त्यात असतात आणि गुण ३० पैकी धरतात. गुण जितके अधिक, तितका त्रास अधिक. चिडवण्याच्या प्रश्नाखाली मुलीने पेन्सिलीने लिहिले होते, ‘गौरीच्या फुगडीत हात दिला नाही.’ गणपती होऊन बरेच दिवस लोटले होते, तरी घरात कोणालाही याचा पत्ता नव्हता.

आजी-आजोबांनाही बोलावतात, हे मला विशेष आवडले. मासे आणि दूध एकत्र खाल्ल्याने कोड येते, ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की माझ्या सासूबाईंनी नातीचे मासेच बंद केले होते. आणि किनाऱ्यावरच्या घरात मुलाचे मासे तोडणे म्हणजे त्याला रोज पंगतीतून उठवणेच. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच रंगपेशी नष्ट करते म्हणून डाग पडतात, ते स्पर्शाने पसरत नाहीत आणि माशांचा त्यात दोष नाही, हे डॉक्टरांनी त्यांना न रागावता समजावले. सासूबाईंना ते पूर्णपणे पटलेले नाही, परंतु ताटात बांगडा परत आला आहे.

उणिवाही आहेत. सात वर्षांचे मूल आणि दहावीतला मुलगा एकाच वर्गात बसवल्याने मोठी मुले बोलतच नाहीत. शाळेसाठी चार ओळींचे पत्र मागितले, ते अजून मिळालेले नाही. आणि ज्या प्रतीक्षागृहात ही मुले तासभर बसतात, त्याच भिंतीवर गोरेपणाच्या क्रीमची जाहिरात लावलेली आहे. ती काढावी, असे मी लेखी कळवले आहे.

वर्गाचे वेगळे शुल्क घेत नाहीत. लांजा-राजापूरकडून एसटीने येणाऱ्यांनी मात्र आधी फोन करावा, कारण वर्ग बहुधा उशिरा सुरू होतो आणि परतीची गाडी चुकते.